वीस बार गप्प बसलेली चौथी गिटार

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या चार गिटारींच्या क्वार्टेटनं ठरवलं, की ऑक्टोबरच्या कार्यक्रमात नॉर्वेजियन संगीतकार ग्रीगचा ‘पेर ग्युंट’ सूट नंबर १ वाजवायचा. ठरवलं म्हणजे ताई म्हणाली आणि बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. अरेंजमेंट माझ्या गळ्यात पडली, कारण नोटेशनचं सॉफ्टवेअर माझ्याच लॅपटॉपवर आहे. पुढच्या चार महिन्यांत त्या अरेंजमेंटचे तीन मसुदे झाले, एक भाग पूर्ण रद्द झाला आणि एक माणूस दोन आठवडे माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होता. ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं संगीत चार क्लासिकल गिटारींवर आणताना काय बिघडतं आणि ते कशानं सुधारतं, हे मला या एका प्रकरणात जेवढं समजलं तेवढं आधीच्या दहा वर्षांत समजलं नव्हतं. म्हणून ते सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी माणसं. पहिल्या गिटारीवर ताई, एरंडवण्यात दातांचा दवाखाना आहे. तालमी त्याच दवाखान्याच्या वरच्या खोलीत होतात. दुसऱ्या गिटारीवर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला एक मुलगा, त्याला आम्ही सगळे ‘पोरगा’ म्हणतो आणि त्याला ते आवडत नाही. तिसरा मी. चौथ्या गिटारीवर काका, बँकेतून निवृत्त, वय ६७. काकांनी गिटार पन्नाशीनंतर हातात धरली, पण ठोका असा पक्का, की आमच्यापैकी कुणाचंही मेट्रोनोम बंद पडलं तर त्यांच्या पायाकडे बघावं.

आता संगीत. नाटककार इब्सेननं १८७४ मध्ये ग्रीगला आपल्या ‘पेर ग्युंट’ नाटकासाठी संगीत करायला सांगितलं, नाटक १८७६ मध्ये रंगमंचावर आलं आणि त्यातले चार तुकडे निवडून ग्रीगनं १८८८ मध्ये हा सूट केला. चारही तुकडे तुम्ही ऐकलेले असतात, नावं माहीत नसली तरी. ‘सकाळ’ तर जाहिरातींपासून कार्टूनपर्यंत कुठंही वाजतं. ग्रीग १९०७ मध्ये गेला, त्यामुळे हक्कांचा प्रश्न नव्हता. आपल्याकडे संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. स्कोअर फुकट मिळतो. एवढं सोपं होतं. बाकी काहीच सोपं नव्हतं.

मी इथं मुख्यतः ‘सकाळ’बद्दलच लिहिणार आहे. बाकीच्या तिघांचं थोडक्यात सांगून मोकळा होतो.

‘अनित्राचं नृत्य’ दोन संध्याकाळींत झालं. मूळच फक्त तंतुवाद्यांसाठी आणि एका ट्रँगलसाठी आहे, ए मायनरमध्ये आहे आणि त्यातला बराच भाग पिझिकाटो, म्हणजे बो (गज) बाजूला ठेवून बोटानं छेडलेला. व्हायोलिनवाले जिथं गिटारवाल्यांसारखं वाजवतात तिथं आम्हाला काय अडचण येणार? ‘डोंगरराजाच्या दरबारात’ची सुरुवातही तशीच, खालच्या तारांवर दबक्या पावलांनी येणारी, उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ (तारा जिथं बांधलेल्या असतात तिथं) तारांवर टेकवली की तो दबका आवाज गिटारीवर आपोआप येतो. तिथला प्रश्न वेगळा होता: लय वाढत वाढत शेवटी धावत सुटते आणि समोर कंडक्टर नसतो. ते काकांच्या पायावर सोडलं.

‘ओसेचा मृत्यू’ (ओसे म्हणजे नाटकातल्या पेरची म्हातारी आई) आम्ही सोडून दिला. म्यूट लावलेल्या तंतुवाद्यांचे लांबच लांब सूर आहेत. एकेक कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बोच्या केसांवर तरंगत राहते. गिटारीचा सूर छेडल्याक्षणी मरायला लागतो. ट्रेमोलो करून पाहिला, म्हणजे एकच सूर अंगठ्यानंतर तीन बोटांनी भराभर पुन्हा पुन्हा वाजवून अखंड असल्याचा भास निर्माण करायचा. म्हातारी मरतेय आणि खिडकीखाली कुणीतरी मँडोलिन वाजवतंय, असं झालं. दुसऱ्या तालमीत ताईनं गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि म्हणाली, “हे नको. हे आपलं नाही.” मला अजूनही वाटतं की ती बरोबर होती. सगळं गिटारीवर यावं असा हट्ट धरणारे लोक मला माहीत आहेत, मी त्यांतला एक होतो.

पहिला मसुदा: चोवीस तारा

‘सकाळ’साठी ग्रीगनं बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेट, बासून ही फुंकवाद्यं जोडीजोडीनं घेतलीत, चार हॉर्न, ट्रम्पेट, टिंपनी आणि खाली तंतुवाद्यांचा अख्खा ताफा. माझा हिशोब साधा होता. चार गिटारी, प्रत्येकी सहा तारा, एकूण चोवीस. सगळं बसायला हवं. एका रेषेवर बासरी, दुसरीवर ओबो, उरलेल्या कॉर्ड तिसऱ्या-चौथ्या गिटारीला वाटून द्यायच्या. अकरा रात्री बसून मी तो मसुदा केला. कॉम्प्युटरवर वाजवून पाहिला, डोळ्यांत पाणी आलं.

ते पाणी फसवं होतं. सॉफ्टवेअर सगळ्या सुरांना सारखा जोर देतं, त्याची नखं तुटत नाहीत, त्याला सहा तारांवर आडवं बोट दाबून धरायला लागत नाही आणि त्याचा सूर आपण जेवढा लिहू तेवढा टिकतो. खऱ्या नायलॉनच्या तारेवर मोकळा खर्ज बराच वेळ गुंजतो, पण पहिल्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या (गळ्यावरच्या आडव्या पट्टीच्या) पुढं गेलात की सूर सेकंदा-दीड सेकंदात विरून जातो. आम्ही ठोका मिनिटाला ६० धरला होता, म्हणजे सहा-आठच्या तालातला दोन ठोक्यांचा एक बार (तालाचं एक आवर्तन) २ सेकंदांचा. मूळ रचनेत खालच्या कॉर्ड दोन-दोन बार धरलेल्या. म्हणजे ४ सेकंद. गिटारीवर त्यातली पहिली दोन सेकंदं कॉर्ड आणि पुढची दोन नुसती कॉर्डची आठवण.

गंमत अशी, की सुरावटीला हा त्रास नाही. ‘सकाळ’ची धून जवळजवळ सगळी छोट्या सुरांची आहे, एक सूर विरायच्या आत पुढचा येतो. म्हणजे लोकांना जे ऐकू येतं ते गिटारीवर छान येतं आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, ते मागचं धरलेलं आभाळ, तेच येत नाही. मी मसुदा करताना सगळं लक्ष धुनेकडे दिलं होतं.

भोक बुजवायला मी जे सगळे करतात तेच केलं. धरलेल्या कॉर्डचा आर्पेजिओ केला. सहा-आठचा ताल, कॉर्डचे सूर एकामागून एक, टिंग टिंग टिंग टिंग टिंग टिंग. तिसऱ्या आणि चौथ्या गिटारीला तेच.

पहिल्या तालमीत दहा बार झाल्यावर काका थांबले. चष्मा वर केला.

“अरे, हे छान आहे,” ते म्हणाले, “पण हिरो-हिरॉइन कुठायत?”

पोरगा फुटलाच हसत. पण खरं होतं. त्या आर्पेजिओनं नॉर्वेजियन माणसाची सकाळ सरळ हिंदी पिक्चरच्या गाण्यात नेऊन बसवली होती, सायकलवरून जाणारी जोडी, मागं झाडं. मूळ रचनेत मागची कॉर्ड हलत नाही. सगळी जादू त्या न हलण्यात आहे. मी मात्र तिला पाळण्यात घालून झुलवत होतो.

दुसरी चूक त्याच तालमीत कळली. एकविसाव्या बारला पहिल्यांदा मोठा फोर्टे, म्हणजे जोराचा आवाज, येतो, सगळा ऑर्केस्ट्रा एकदम उघडतो. ग्रीगच्या मनात तिथं ढगांतून सूर्य बाहेर येतो असं चित्र होतं. आमच्याकडे विसाव्या बारपर्यंत चार माणसं सहाही तारा वाजवत होती आणि एकविसाव्या बारला तीच चार माणसं त्याच सहा तारा जरा जोरात वाजवायला लागली. सूर्य काही उगवला नाही. पोऱ्यानं तिथं स्पॅनिश वादनातला रासगेआडो करून पाहिला, म्हणजे बोटं पंख्यासारखी उघडत तारांवर झोडायची. आवाज वाढला खरा, पण सूर्य स्पेनमध्ये उगवला.

इथं एक थांबा घेतो. या सकाळीचं ठिकाण नॉर्वे नाहीच. लोक डोळे मिटून डोंगर-दऱ्या आणि थंड पाणी बघतात. नाटकात हे संगीत चौथ्या अंकाच्या सुरुवातीला येतं आणि तो अंक मोरोक्कोच्या किनाऱ्यावर सुरू होतो. हे मी तालमीत सांगितल्यावर पोऱ्याचा रासगेआडोला पाठिंबा आणखी वाढला. “सर, मग स्पेन जवळच आहे की!” भूगोल बरोबर होता. आवाज चूक होता.

भूपाचं काय करायचं

धून सरगमीत लिहिली तर अशी येते: प ग रे सा रे ग, प ग रे सा रे ग रे ग, प ग प ध ग ध प ग रे सा. मध्यम नाही, निषाद नाही. पुण्यात वाढलेल्या कुठल्याही माणसाला हे सांगावं लागत नाही. पोऱ्याची आई गाणं शिकते, त्यानं घरी वाजवल्यावर स्वयंपाकघरातून आवाज आला, “भूप कशाला सकाळी सकाळी?” (भूप राग रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, भूपाळी मात्र पहाटेची. या गुंत्यात मी शिरत नाही, याहून मोठी माणसं शिरून बाहेर आलेली नाहीत.)

अडचण ही, की एकदा भूप कानात बसला की हात ऐकत नाही. पुढच्या तालमीत पोरगा ग वरून रे वर घसरत येऊ लागला. गिटारीवर बोट तारेवरून न उचलता सरकवलं की मींडेचा भास होतो, आणि ऐकायला ते फार गोड होतं, ताईसुद्धा म्हणाली राहू दे. मी नको म्हटलं. ग्रीगच्या धुनेखाली कॉर्ड बदलतात, तीच चार पावलं नव्या उजेडात दिसतात. राग तसा चालत नाही, त्याच्याखाली षड्ज हलत नाही. मींड घेतली की सूर्य मोरोक्कोतून उठून थेट पर्वतीमागं उगवतो. ते एक वेगळं, कदाचित चांगलं गाणं आहे, पण आम्ही ते वाजवायला बसलो नव्हतो. मींड बंद. माझ्या या फतव्याचा पुढं कसा निकाल लागला ते शेवटी सांगतो.

भूपानं एक गोष्ट मात्र दिली, आणि ती या प्रकरणातली सगळ्यात मोलाची.

तंबोरा. धरलेलं आभाळ आपल्याकडे कोण देतं? तंबोरा देतो, आणि तोही छेडलेलाच असतो, त्याचाही सूर विरतोच. तरी तो अखंड वाटतो, कारण त्याचे सूर कमी असतात आणि ते हार्मोनिक्सनी भरलेले असतात. मी तिसऱ्या गिटारीचे सगळे आर्पेजिओ पुसले आणि फक्त नैसर्गिक हार्मोनिक ठेवले: तारेवर बोट न दाबता नुसतं टेकवायचं, छेडायचं आणि उचलायचं. ‘सकाळ’ ई मेजरमध्ये आहे (ई म्हणजे सा, जी-शार्प म्हणजे ग, बी म्हणजे प) आणि तिथं गिटारीला याचं वरदानच आहे. सहाव्या तारेवर बाराव्या फ्रेटला ई मिळतो, सातव्याला बी, पाचव्याला पुन्हा वरचा ई आणि चौथ्या फ्रेटच्या आसपास जी-शार्प. म्हणजे एकाच तारेत अख्खी ई मेजर कॉर्ड. मी खूश.

पुढच्या रविवारी वाजवलं. आभाळ होतं! हलत नव्हतं, विरत होतं पण जात नव्हतं. फक्त ताई सारखी थांबत होती.

“माझा ग बेसूर येतोय.”

ट्यूनर लावला, बेसूर नव्हता. तरी दोघं एकत्र वाजवताना तिथं आवाज थरथरायचा. मग लक्षात आलं. तिचा जी-शार्प फ्रेटवरचा, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग केलेल्या हिशोबातला. माझा जी-शार्प हार्मोनिकमधून आलेला, तारेनं स्वतः दिलेला, आणि तो जवळजवळ १४ सेंटनी उतरा असतो, एका अर्ध्या सुराचे १०० सेंट धरले तर. पोऱ्याच्या आईला फोनवर विचारलं तर त्या म्हणाल्या, “मग काय, तो स्वयंभू गंधार ना.” जुळलेल्या तंबोऱ्यातून कुणी न छेडता ऐकू येतो तोच. पेटीवाल्यांचं आणि तंबोऱ्याचं जे भांडण शंभर वर्षं चाललंय, ते आमच्या एरंडवण्याच्या खोलीत दोन गिटारींमध्ये सुरू झालं होतं.

तोड सोपी निघाली. हार्मोनिकमधला ग काढून टाकला. खाली फक्त ई आणि बी, सा आणि प. गंधार धुनेतच आहे, जवळजवळ प्रत्येक बारमध्ये दोन-दोनदा, तो ताईनं द्यावा. कॉर्डमधला एक सूर कमी केला आणि कॉर्ड जास्त भरलेली वाटायला लागली. चोवीस तारांचा हिशोब करणाऱ्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

नवव्या बारला धून एकदम वरच्या गंधारावर नवं घर बांधते, ई मेजरवरून जी-शार्प मेजर. तिथं तंबोरा संपला, कारण जी-शार्प मेजरच्या कॉर्डमध्ये गिटारीची सहापैकी एकही मोकळी (बोट न दाबता वाजणारी) तार बसत नाही. एकट्या गिटारवाल्याला तिथं अख्खं बोट आडवं टाकून कॉर्ड धरावी लागते, आवाज कोंडतो आणि अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. सगळी रचनाच सी मेजरमध्ये उतरवायची का, असं दोन दिवस डोक्यात होतं. मग नववा बार ई मेजरमध्ये आला असता, सगळा मोकळा. पण घरची कॉर्ड सी झाली असती आणि माझे सहाव्या तारेचे हार्मोनिक गेले असते. पहिले आठ बार विकून पुढचे चार विकत घ्यायचे. नाही घेतले. त्याऐवजी जी-शार्प मेजर फोडली: पोऱ्याला एक सूर, मला दोन, तेही शेजारशेजारच्या तारांवर. एवढी माणसं असताना कुणी एकट्यानं अख्खी कॉर्ड का धरायची? हे इतकं उघड आहे, की पहिल्या मसुद्यात मला दिसलंच नाही. मी चौघांना चार स्वतंत्र गिटारवादक समजून लिहीत होतो.

ओबोचं नाक

मूळ रचनेत पहिली ओळ बासरी म्हणते आणि तीच ओळ ओबो परत म्हणतो. बासरीच्या मूळ सप्तकात जायचं तर पहिल्या तारेच्या अगदी शेवटच्या फ्रेटवर चढावं लागतं, तिथं आवाज काडीसारखा बारीक होतो. म्हणून धून एक सप्तक खाली आणली. मग बासरी आणि ओबो यांत फरक तो काय राहिला? दोन्ही गिटारीच.

फेर्नांदो सोर या स्पॅनिश गिटारवादकानं १८३० मध्ये आपल्या पद्धतीच्या पुस्तकात नेमकं हेच लिहून ठेवलंय. हॉर्नचा भास कसा आणायचा, ट्रम्पेटचा कसा, ओबोचा कसा. ओबोसाठी तो म्हणतो, ब्रिजच्या जवळ छेडा आणि बोटं वाकवून नखाचा उपयोग करा. सोर स्वतः नखाशिवाय वाजवणारा माणूस. ओबोच्या नाकासाठी तेवढी त्यानं तडजोड केली.

तर ताईला सांगितलं, साउंडहोलच्या पुढं, गळ्याच्या बाजूला छेड, पहिल्या तारेऐवजी दुसऱ्या तारेवर, गोल आवाज. पोऱ्याला सांगितलं, ब्रिजपासून दोन बोटांवर, नख सरळ. आणि दोघांना अर्धवर्तुळाच्या दोन टोकांना बसवलं, मी आणि काका मधे. तोपर्यंत आम्ही एक-दोन-तीन-चार असे वर्गात बसल्यासारखे ओळीत बसायचो. जागा बदलल्यावर प्रश्न-उत्तर खोलीच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जाऊ लागलं. स्कोअरमधला एकही सूर न बदलता झालेली ही सगळ्यात मोठी सुधारणा.

मधेच पोऱ्याचं अनामिकेचं नख बाइकच्या स्टँडवर तुटलं आणि ओबोला सर्दी झाली. टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून, नखाखाली चिकटवून दोन आठवडे काढले. दातांच्या डॉक्टरबाईंनी तो तुकडा ज्या सफाईनं घासून दिला, त्याची सर आमच्या कुणाच्या फाइलला नाही.

काकांचा राग

आता सूर्य. चार गिटारी मिळून ऑर्केस्ट्राचा फोर्टे काढू शकत नाहीत, हे मान्य केल्यावरच रस्ता दिसला. मोठा आवाज देता येत नसेल तर आधी काय काढून घेता येईल? मी पहिल्या वीस बारांतून खर्ज काढून टाकला. संपूर्ण. तिसऱ्या गिटारीचे हार्मोनिक सहाव्या तारेवर असले तरी ऐकू येतात मधल्या आणि वरच्या सप्तकात. वीस बार कुणीही खाली उतरायचं नाही. एकविसाव्या बारच्या पहिल्या ठोक्याला चौथी गिटार पहिल्यांदा बोलणार: मोकळी सहावी तार, खालचा ई, अंगठ्याच्या मांसल भागानं, सगळा जीव लावून. वर ताई आणि पोरगा सप्तकाच्या अंतरानं धून एकत्र घेणार.

तिसऱ्या मसुद्याची झेरॉक्स अप्पा बळवंत चौकातून काढून आणली, तालमीत वाटली. काकांनी आपलं पान पाहिलं. वर एक लांब आडवी जाड रेघ आणि तिच्या डोक्यावर आकडा: २०. म्हणजे वीस बार विश्रांती.

“म्हणजे मी काय करायचं?”

“थांबायचं, काका. मग एकविसाव्याला...”

“चाळीस सेकंद?”

“हो.”

“चाळीस सेकंद मी स्टेजवर लोकांकडं बघत बसू? माझी नातवंडं येणार आहेत ऐकायला.”

मी समजावून सांगितलं, खर्ज राखून ठेवला नाही तर फोर्टे येत नाही वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. बँकेत तीस वर्षं लोकांची कर्जं नाकारलेला माणूस आता स्वतः नकार ऐकत होता आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. “बरं. तू अरेंजर,” एवढंच म्हणाले. पुढचे दोन रविवार चहाला थांबले नाहीत.

मला मधे असंही वाटून गेलं की द्यावेत त्यांना चार सूर, नवव्या बारला वगैरे, कुणाला कळणार आहे. एकदा देऊनही पाहिले, त्यांना न सांगता, दुसऱ्याच कारणाचं निमित्त करून. मोबाइलवर रेकॉर्ड करून दोन्ही आवृत्त्या घरी ऐकल्या. काकांचे दोनच सूर, पाचव्या तारेवर, हलके. एकविसाव्या बारला सूर्य पुन्हा गायब. खालचा दरवाजा एकदा किलकिला झाला की नंतर उघडल्याचं कुणाला वाटत नाही. ते सूर पुन्हा काढले.

तोपर्यंत ऑगस्ट आला. नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला आणि संध्याकाळची तालीम अशक्य झाली. आम्ही ‘सकाळ’ खरंच सकाळी आठला वाजवू लागलो. पावसाळी हवेत गिटारीची लाकडं फुगतात, तारा सारख्या सरकतात. दर दहा मिनिटांनी सूर लावणं हा तालमीचा तिसरा हिस्सा झाला होता. अशाच एका सकाळी ताईच्या नवऱ्यानं, जो संगीतातलं काही कळत नाही असं स्वतःच सांगतो, चहाचा ट्रे घेऊन आत येताना नेमका एकविसावा बार ऐकला आणि दारातच थांबला. “आत्ता काय झालं?” तो म्हणाला. “कुणी काहीतरी लावलं का?”

काका काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी चहाला थांबले. बिस्किटाचा पुडा स्वतः फोडला.

एक जागा शेवटपर्यंत नीट झाली नाही, तीही नोंदवतो. मधल्या भागात धरलेल्या सुराचा आवाज हळूहळू वाढवत न्यायचा आहे. बोनं वाजवणाऱ्याला आणि फुंकणाऱ्याला हे सहज जमतं. छेडलेला सूर फक्त लहान होऊ शकतो. मी तिथं तोच सूर एका ठोक्यात आधी दोनदा, मग तीनदा, मग चारदा असा दाट करत नेला. लाट येते, पण तिचे खडे पायाला टोचतात. शेवटाकडे लाकडी फुंकवाद्यांत पाखरांच्या मुरक्या आहेत, त्या मात्र पोऱ्यानं दोन तारांवर दोन सूर ठेवून, डाव्या हाताऐवजी उजव्या हाताच्या बोटांनी आलटून पालटून काढल्या आणि त्या मूळ क्लॅरिनेटपेक्षा मला जास्त आवडतात. हे मी पक्षपातानं बोलतोय.

कार्यक्रमाच्या दिवशी

हॉल छोटा, दीडशे खुर्च्या, भरलेल्या बऱ्यापैकी. बाहेर ऑक्टोबरचा उकाडा, आत एसी पूर्ण. मागच्या खोलीत आम्ही सूर लावले आणि स्टेजवर आलो. नायलॉनच्या तारांना हा बदल कळतो, विशेषतः चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेनं गुंडाळलेल्या खालच्या तीन तारांना.

ताईनं धून सुरू केली. गोल, दुसऱ्या तारेवर. माझे ई आणि बी तिच्याखाली तरंगत होते. पोऱ्यानं पलीकडून नाकातून उत्तर दिलं आणि पहिल्या रांगेतल्या एका आजींनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. जी-शार्पचे चार बार कुणाचाही हात न दुखता गेले. माझ्या शेजारी काका दोन्ही हात गिटारीवर ठेवून शांत बसले होते, नातवंडांकडे न बघता.

एकविसावा बार. अंगठा पडला, मोकळा ई आला, आणि आला तो उतरा. फार नाही, पण खर्ज उतरला की सगळी इमारत कलते. माझ्या पोटात गोळा आला. मोकळी तार असल्यानं काकांचा डावा हात रिकामा होता. तो सावकाश वर गेला, सहाव्या तारेची खुंटी धरली आणि सूर वाजत असतानाच ती पाव वळसा फिरवली. ई खालून वर सरकत आपल्या जागी येऊन बसला. ताईच्या धुनेतला दुसरा ठोका पडायच्या आत.

कार्यक्रमानंतर तिघा जणांनी येऊन सांगितलं, की तिथं घेतलेली खर्जातली मींड फार सुंदर होती. रेकॉर्डिंग ऐकलं. होती.

पुढच्या रविवारी पोरगा पेन्सिल घेऊनच बसला होता. “सर, चौथ्या पार्टमध्ये मींड लिहू? की फक्त काकांनाच माफ आहे?”

“लिही,” काका म्हणाले. “आणि आधी त्या खुंटीला कुणीतरी तेल घाला. फिरवताना जीव गेला माझा.”